कोंबड्यांना उजेड पॅनेलचा, ऊब पाण्याची

डिसेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या थंडीची बातमी येते ती निफाडच्या नावाने. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा दोन अंशांच्याही खाली गेला आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या. भावडबारी घाट ओलांडून देवळा तालुक्यात उतरले की आकडा थोडा बदलतो, गारठा फारसा बदलत नाही. गिरणेकाठच्या लोहोणेरपासून महामार्गावरच्या उमराण्यापर्यंत याच दिवसांत उन्हाळ कांद्याची लागवड चालते. घरातली झाडून सगळी माणसे रोपे लावण्यात गुंतलेली असतात आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी दोनशे पिल्लांची बॅच आणून शेडच्या कोपऱ्यात सोडलेली असते. मळ्यातल्या वस्तीवर सिंगल फेज कधी जाईल याचा नेम नाही. मग चहाच्या टपरीवर प्रश्न निघतो : शेडला सोलर बसवले तर?

बसवावे. पण कशासाठी, हे आधी ठरवावे. उजेड आणि ऊब ही दोन कामे बहुतेक जण एकाच बल्बवर सोपवतात, म्हणून सौरऊर्जेचा हिशेबही एकत्रच मांडला जातो आणि तिथेच पैसा बुडतो. पॅनेल आणि बॅटरीवर कोंबड्यांना उजेड देणे अगदी स्वस्तात जमते. त्याच पॅनेल-बॅटरीवर ऊब देणे मात्र छोट्या पाळणाऱ्याला परवडत नाही. ऊबही सूर्याचीच घ्यायची, पण तिचा रस्ता वेगळा आहे.

त्याआधी एक गैरसमज दूर केलेला बरा. मोठ्या कोंबड्यांना देवळ्याच्या थंडीत हीटरची गरज नसते. गावरान असो, गिरिराज असो की आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड), अंगावर पूर्ण पिसे आलेली कोंबडी स्वतःच आठ-दहा वॉट उष्णता बाहेर टाकत असते. शंभर कोंबड्या दांडीवर खेटून बसल्या की त्या शेडमध्ये जवळजवळ एक किलोवॉटचा हीटर रात्रभर चालू असल्यासारखे होते. त्यांना हवी असते कोरडी जमीन आणि अंगावर न येणारा वारा. उत्तरेच्या बाजूला बारदानाचा जाड पडदा, खाली तीन-चार इंच तूस आणि छताजवळ फूटभर मोकळी फट, एवढे पुरते. ती फट थंडीच्या भीतीने बुजवणारे बरेच आहेत. मग विष्ठेतला अमोनिया आत कोंडतो, डोळे चुरचुरतात, कोंबड्या घरघरू लागतात आणि दोष थंडीला दिला जातो. शेडमध्ये शिरल्यावर माणसाच्या डोळ्यांना झोंबले, तर कोंबडीला ते चोवीस तास झोंबत आहे असे समजावे.

आता उजेड. देवळा साधारण साडेवीस अक्षांशावर आहे. इथे जूनमधला दिवस सव्वातेरा तासांच्या पुढे जातो, तर डिसेंबरअखेरचा जेमतेम अकरा तासांचा असतो. अंड्यावरच्या कोंबडीला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. उजेड तिच्या डोळ्यांतून तर आत जातोच, शिवाय कवटीच्या पातळ हाडातून थेट मेंदूपर्यंत पोचतो आणि अंडे तयार करणारी संप्रेरके तिथून हलतात. दिवस लहान झाला की शरीराला विश्रांतीचा निरोप मिळतो, पिसे झडतात, अंडी कमी होतात. हिवाळ्यात अंड्याला भाव असतो आणि नेमकी तेव्हाच टोपली रिकामी, ही तक्रार सगळीकडची आहे. तिचे मूळ थंडीपेक्षा जास्त अंधारात आहे.

शंभर कोंबड्यांचे, दहा बाय वीस फुटांचे शेड घेऊ. त्याला बारा व्होल्टचे, पाच वॉटचे दोन एलईडी बल्ब पुरतात. फार लखलखाट नको. कोंबडीच्या डोळ्यांच्या उंचीवर वर्तमानपत्राचा मजकूर जरा प्रयत्नाने वाचता आला तरी पुरे. उजेड जास्त झाला की त्या एकमेकींना टोचू लागतात. पहाटे तीनला बल्ब लागला आणि सातला उजाडल्यावर विझला, तर दिवसाचे पंधरा तास भरतात. चार तास, दहा वॉट, म्हणजे चाळीस वॉट-तास. चाळीस वॉटचे एक पॅनेल हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी, तारा आणि बॅटरीतली गळती वजा जाता, सव्वाशेच्या वर वॉट-तास देते. बारा व्होल्ट, वीस अँपिअर-तासाची बॅटरी निम्मीच वापरली तरी तीन रात्री निघतात. म्हणजे मध्येच अवकाळीचे ढग दोन दिवस बसले तरी वेळापत्रक मोडत नाही.

वेळापत्रक मोडू न देणे हेच या सगळ्यातले खरे काम आहे. एकदा पंधरा तासांची सवय लावली आणि मग आठवडाभर वीज नाही म्हणून बल्ब बंद राहिला, तर न लावल्यापेक्षा जास्त नुकसान होते; कोंबड्या अंडी थांबवून पिसे टाकायला लागतात. म्हणून हाताने बटण दाबण्याच्या भानगडीत न पडता बारा व्होल्टचा टायमर बसवावा. उजेड एकदम वाढवू नये, आठवड्याला अर्धा तास वाढवत न्यावा. तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या पोरसवदा कोंबड्यांना, अठरा आठवड्यांच्या आत जादा उजेड देऊच नये. त्या लवकर अंड्यावर येतात खऱ्या, पण अंडी बारीक पडतात आणि अंडे अडकण्याचे प्रकार होतात. जादा तास पहाटेच का, तर संध्याकाळी बल्ब झटकन विझला की कोंबड्या जमिनीवरच अंधारात सापडतात आणि दांडी शोधत धडपडतात. पहाटेचा उजेड दिवसात मिसळून जातो, संध्याकाळचा अंधार त्यांना नेहमीसारखा हळूहळू मिळतो.

उजेड वाढला की खाणेही वाढते. खाद्यात आणि शिंपल्यांच्या चुऱ्यात हात आखडता घेतला, तर सोलरने काही साधत नाही, कवच मात्र पातळ होते. शुद्ध गावरान कोंबडीकडून फार अपेक्षाही ठेवू नये. ती मुळात कमी अंडी देते आणि खुडूक बसली की बल्बला जुमानत नाही. आरआयआर आणि सुधारित संकरांत फरक लवकर दिसतो.

पिल्लांच्या शेडमध्ये मात्र याच छोट्या सौर दिव्याची किंमत त्याच्या वॉटपेक्षा कितीतरी मोठी आहे. रात्री वीज जाते, मिट्ट काळोख होतो, पिल्ले बिथरून एका कोपऱ्यात धावतात आणि ढिगाखालची गुदमरतात. अशी मर हा लोडशेडिंगचा सर्वांत वाईट फटका आहे. बॅटरीवरचा तीन वॉटचा एक मंद बल्ब रात्रभर जळत राहिला, तर तो ढीग होत नाही. जोडीला दुसरी सवय लावावी. पहिले तीन दिवस पिल्लांना दाणापाणी सापडावे म्हणून जवळजवळ चोवीस तास उजेड असावा, पण त्यानंतर रोज रात्री तासभर मुद्दाम अंधार करावा. अंधार ओळखीचा झाला की पुढे खरोखर वीज गेली तरी पिल्ले बसल्या जागी बसतात.

ऊब देण्याचे गणित उजेडासारखे सोपे नाही. एक दिवसाचे पिल्लू स्वतःचे तापमान राखू शकत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या उंचीवर पस्तीस अंश लागतात, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश उतरवत एकवीसवर आणायचे. हिवाळ्यात पिल्लामागे दोन वॉट हा पोल्ट्रीवाल्यांचा जुना अंदाज आहे. दोनशे पिल्ले म्हणजे चारशे वॉट. बारा तासांच्या रात्रीला जवळजवळ पाच युनिट. दीडशे अँपिअर-तासाची घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी निम्मी वापरली, तर सुमारे एक युनिट देते. म्हणजे बॅटऱ्या पाच ते सहा, आणि त्या दिवसभरात भरायला दीड किलोवॉटच्या आसपास पॅनेल. एवढा सगळा डोलारा बॅचच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी, बाकी दिवस तो तसाच पडून. कोळशाची बुखारी याहून स्वस्त पडते, हे गावातला कोणीही सांगेल. बुखारीचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड बंद पडद्यांच्या शेडमध्ये पिल्लांना आणि राखणदारालाही घातक ठरतो, ही तिची दुसरी बाजू.

ज्यांच्या घराच्या छपरावर नेट मीटरचे सोलर आहे त्यांना वाटते, आपला प्रश्न सुटला. दिवसा वीज ग्रिडला द्यायची, रात्री परत घ्यायची, बॅटरीची कटकट नाही. बिलापुरते हे खरे आहे. पण ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेली की सुरक्षेसाठी स्वतःही बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ती रचनाच तशी असते. लोडशेडिंगच्या रात्री अशा छपरावरच्या सोलरचा पिल्लांना काडीचा उपयोग नाही.

मग ऊब साठवायची कशात? पाण्यात. नाशिककडच्या छपरांवर काचेच्या नळ्यांचे सोलर वॉटर हीटर आता नवलाचे राहिलेले नाहीत. दोनशे लिटरच्या टाकीतले पाणी साठ अंशांवरून चाळीसवर उतरताना साडेचार युनिटांहून जास्त उष्णता सोडते. पाच बॅटऱ्यांचे काम एका टाकीत होते. तिला टायमर लागत नाही, दर तीन-चार वर्षांनी बदलावीही लागत नाही. शिवाय पिल्ले नसतील तेव्हा घरच्यांच्या आंघोळी होतात, हा हिशेब कोणत्याही माहितीपत्रकात नसतो.

वापरण्याची रीत अशी. जाड एचडीपीई प्लास्टिकचे, घट्ट झाकणाचे वीस लिटरचे दहा कॅन घ्यावेत. पाण्याच्या बाटल्यांचे पातळ प्लास्टिक गरम पाण्याने वाकते, ते चालणार नाही. पिल्लांसाठी अठरा इंच उंचीच्या पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल चिक गार्ड करतात. सात फूट व्यासात अडीचशे पिल्ले पहिल्या आठवड्यात मावतात. त्याच्या मध्यभागी पाच कॅन उभे करावेत. भोवती तारेची जाळी लावावी, म्हणजे पिल्ले थेट गरम प्लास्टिकला चिकटणार नाहीत. वर थर्माकोल लावलेले प्लायवूडचे झाकण आणि त्याच्या कडेने खाली लोंबणाऱ्या गोणपाटाच्या पट्ट्या. पट्ट्यांमधून पिल्ले आत-बाहेर करतात, ऊब आत राहते. थर्माकोल वरच्या बाजूला हवा. खाली असला तर पिल्ले टोचून खातात. संध्याकाळी सहाला पहिले पाच कॅन भरायचे, मध्यरात्री उरलेल्या पाचांत टाकीतले गरम पाणी भरून अदलाबदल करायची. पाच कॅन साठवरून अडतीस अंशांवर यायला सहा तास घेतले, तर त्या काळात सरासरी चारशे वॉटच मिळतात. वर काढलेला दोनशे पिल्लांचा हिशेब बरोबर इथे जुळतो.

रात्री एकदा उठावे लागते, हे खरे. पण नाहीतरी उठावेच लागते. पहिल्या आठवड्यात पहाटे तीन-चारच्या सुमारास पिल्ले पाहिल्याशिवाय ब्रूडिंग, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याचे काम, होत नाही, आणि तापमापकापेक्षा पिल्लेच जास्त खरे सांगतात. कॅनभोवती गर्दी करून, एकमेकांवर चढून किरकिर करत असतील तर ऊब कमी. गार्डच्या कडेला पळून, पंख सैल सोडून, चोच उघडून बसली असतील तर जास्त. सगळी एकाच बाजूला गोळा झाली असतील तर समोरून कुठून तरी वारा शिरतो आहे, पडदा तपासावा. आणि दाण्यापाण्यापाशी, कॅनजवळ, मध्ये मोकळ्यावर अशी सगळीकडे विखरून निवांत पसरली असतील, तर काही करू नये, परत झोपावे.

ढगाळ दिवशी टाकीतले पाणी पंचेचाळीसवरच थांबते. अशा दिवसासाठी दुसरी सोय हाताशी हवीच : गॅस ब्रूडर, किंवा वीज असेल तेव्हा चालणारे दोन बल्ब. सौर ऊब ही खर्चाचा मोठा भाग उचलते, सगळा नाही. जो विक्रेता शंभर टक्क्यांची हमी देतो त्याला नोव्हेंबरातल्या एखाद्या गारपिटीच्या आठवड्याबद्दल विचारावे.

ऊब निर्माण करण्याइतकीच ती न घालवणे महत्त्वाचे, आणि तिथे खर्च जवळजवळ शून्य आहे. हजार चौरस फुटांच्या शेडमध्ये दोनशे पिल्लांसाठी सगळी हवा तापवण्यात अर्थ नाही. एक कोपरा पडद्याने वेगळा काढावा, पाच-सहा फुटांवर ताडपत्रीचे खोटे छत ताणावे, खाली तूस घालण्याआधी जमिनीवर रिकाम्या खाद्याच्या गोण्या अंथराव्यात. पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशी कॅन ठेवून तूस तापवून घ्यावा. थंडगार तुसावर सोडलेले पिल्लू पहिल्या तासातच पाय आखडून बसते आणि पाण्यापर्यंत जात नाही.

नवे शेड बांधणाऱ्याला आणखी एक डाव खेळता येतो. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की डिसेंबरातल्या दुपारचे ऊन दक्षिणेकडून सुमारे सेहेचाळीस अंशांच्या कोनात आत उतरते; जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि तीन फुटांची पुढे काढलेली पत्र्याची झड त्याला अडवते. ब्रूडिंगच्या खोलीची दक्षिणेची भिंत आपल्याकडच्या काळ्या दगडाची, फूटभर जाड बांधली आणि तिच्यापुढे तीन-चार इंचांवर काच लावली, तर दुपारी तापलेली भिंत रात्री आतल्या बाजूला ऊब सोडते. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी १८८१ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि १९६० च्या दशकात फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतातल्या ओदेयो गावी फेलिक्स त्रोम्ब यांनी तशी घरे उभी केली. लडाखमध्ये आज घरांना आणि शाळांना अशा भिंती असतात. देवळ्यात दोन महिन्यांच्या थंडीसाठी जुनी भिंत पाडून ही बांधणे मूर्खपणा ठरेल. बांधकाम नाहीतरी व्हायचेच असेल, तर मात्र दिशा आणि दगड फुकट मिळतात. मार्चनंतर त्या काचेवर बारदान टाकायला विसरले, तर हीच भिंत आतल्यांना भाजून काढील.

कारण इथला खरा शत्रू मे महिना आहे. शेजारच्या मालेगावात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो आणि पत्र्याखाली त्याहून वर. डिसेंबरच्या गारठ्याने मोठी कोंबडी सहसा मरत नाही, मेच्या दुपारी मरते. म्हणून पॅनेल घेताना चाळीसऐवजी शंभर वॉटचे घेणे शहाणपणाचे. हिवाळ्यात जादाची वीज पडून राहील, पण उन्हाळ्यात नेमक्या कडक उन्हाच्या वेळी बारा व्होल्टचा एक पंखा त्यावर थेट चालेल, बॅटरीला हात न लावता. पॅनेल पत्र्यापासून चार-सहा इंच वर बसवले, तर त्याची सावली पत्र्याला मिळते ती वेगळीच.

ऊन तर या भागात भरपूर आहे. सेलबारी-डोलबारीच्या पलीकडे साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीने १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू केला, तो काही उगाच नाही. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल वीस अंशांच्या आसपास असावा. फक्त हिवाळ्यातच काम असेल तर पस्तीसपर्यंत उभा करावा. कांदा काढणीची धूळ आणि शेडमधून उडणारा पिसांचा भुगा काचेवर बसतो. दर आठवड्याला सकाळी, काच गार असताना, पाण्याने पुसावे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. प्रमाणित पॅनेल पंचवीस मिलिमीटरच्या गारेच्या चाचणीतून गेलेले असते, त्यामुळे नेहमीच्या गारपिटीत ते टिकते. वाऱ्याने उपटले जाण्याची भीती जास्त. नट-बोल्टमध्ये काटकसर नको.

बॅटरी आणि कंट्रोलर शेडच्या आत ठेवू नयेत. अमोनियाने तांब्याची टोके हिरवी पडतात. तारा पाइपातून न्याव्यात, उंदीर सोडत नाहीत. बॅटरीच्या टोकापाशी फ्यूज हवाच. व्होल्टेज बारा असले तरी तारा एकमेकींना चिकटल्या की ठिणगी पडते आणि खाली कोरडा तूस असतो.

अनुदानाबद्दल गोंधळ फार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना राहत्या घराच्या छपरासाठी आहे. एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे ७८ हजार रुपये. पोल्ट्रीचे शेड त्यात बसत नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतले पॅनेल पंपासाठी दिलेले असते. त्यातून परस्पर तार ओढून शेडमध्ये बल्ब लावणारे आढळतात, पण तसे केले तर कंट्रोलर जळण्याची आणि हमी बुडण्याची तयारी ठेवावी. पंप बंद असताना त्याच पॅनेलवर दुसरी यंत्रे चालवता येतील असा युनिव्हर्सल कंट्रोलर कुसुम योजनेत मान्य आहे. तो बसवून घ्यायचा असेल तर अर्जाच्या वेळीच पुरवठादाराला विचारावे. उजेडाचा छोटा संच अनुदानाची वाट न पाहता पदरच्या पैशांनी घेण्याइतका स्वस्त आहे.

आणि बॅचची तारीख. ऑक्टोबरच्या मध्याला आणलेली पिल्ले थंडी कडक होईपर्यंत पिसांनी भरतात, ब्रूडिंगचा निम्मा भार आपोआप कमी होतो. ज्यांना डिसेंबरातच पिल्ले घेणे भाग आहे, त्यांनी ती आणण्याआधी दोन रात्री रिकाम्या गार्डमध्ये कॅन ठेवून पाहावेत. तुसापासून दोन इंचांवर तापमापक टांगावा आणि संध्याकाळी सात, मध्यरात्र आणि पहाटे पाच असे तीन आकडे लिहून ठेवावेत. पहाटेचा आकडा तिशीच्या खाली असेल तर आणखी दोन कॅन वाढवावेत, किंवा पडदा दुहेरी करावा. चौतीस-पस्तीस टिकत असेल तर पिल्लांची ऑर्डर द्यायला हरकत नाही.